होमकमिंगचा आठवडा: मम, मार्चिंग बँड आणि फोनविना शाळा
(पालक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी!

नववीत पाऊल टाकणाऱ्या मुलांचे आईबाबा आज बरेच दिसताहेत, म्हणून प्रस्तावना आटोपती घेऊ. डॅलसच्या उत्तरेकडच्या आपल्या गावांत शाळा ऑगस्टच्या मध्यात उघडते आणि घडी बसते न बसते तोच होमकमिंग दारात उभं राहतं. माजी विद्यार्थ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला परत यावं म्हणून विद्यापीठांनी ही प्रथा पाडली. बेलर १९०९ चा दाखला देतं, मिझुरी १९११ चा. हायस्कुलांनी ती उचलली आणि टेक्ससने तिच्यात स्वतःची भर घातली, ती म्हणजे मम, अंगावर मिरवायचं मोठं कापडी फूल. त्याच्याकडे वळूच, आधी आठवड्याची रचना.

सोमवारपासून रोज वेगळा वेश: कधी पायजमा, कधी एखाद्या दशकाचे कपडे, सामन्याच्या दिवशी शाळेचे रंग. त्याच दिवशी पेप रॅली, म्हणजे संघाला जोश चढवणारा शाळेतला मेळावा असतो आणि त्याच्यासाठी प्रत्येक तास काही मिनिटांनी आखडतो. चाचणी त्या दिवशी आली तर हाताशी वेळ कमी, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी सामना, मध्यंतरात होमकमिंग कोर्टची, म्हणजे मुलांनी निवडलेल्या राजा-राणीच्या मानाच्या गटाची घोषणा आणि बहुतेक ठिकाणी शनिवारी डान्स.

सामना शुक्रवारीच असेल असं मात्र धरून चालू नका. फ्रिस्कोच्या शाळा-डिस्ट्रिक्टने शाळा मुद्दाम आटोपशीर ठेवल्या, त्यामुळे एका डिस्ट्रिक्टमध्ये बारा हायस्कूलं आणि मोजकी सामायिक मैदानं. प्लेनोतही क्लार्क आणि किम्ब्रो ही मैदानं शाळा वाटून घेतात. त्यामुळे काही सामने गुरुवारी पडतात आणि मम गुरुवारी सकाळी तयार लागतो. नेमकी तारीख शाळेच्या कॅलेंडरवरूनच घ्या, शेजारच्या मुलाच्या शाळेवरून नको.

आता मम. शेवंतीचं कापडी फूल, त्याभोवती चुण्यांच्या पाकळ्या, खाली रिबिनींचा झुबका, वेण्या, घुंगरासारख्या घंटा. मुली तो गळ्यात घालतात. मुलांचा छोटा अवतार, गार्टर, दंडावर बसतो. नववी ते अकरावी शाळेचे रंग, बारावीला पांढरा आणि चंदेरी. हा संकेत मुलं कसोशीने पाळतात, नववीच्या मुलीसाठी हौसेने पांढरा मम केलात तर तो कपाटातच राहील. मम सामन्याच्या दिवशी शाळेत आणि मैदानावर मिरवायचा असतो, डान्सला नाही.

विकतचा मम शंभर डॉलरच्या पुढे सहज जातो. घरी केला तर खर्च बराच आटोक्यात राहतो, आणि गणपतीचं मखर करणाऱ्या हातांना तो मुळीच अवघड नाही. आठ इंचांच्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या घ्या. पहिलीच्या कडेने सव्वा इंची रिबिनीच्या चुण्या स्टेपल करत दोन फेऱ्या घाला आणि मधोमध फूल बसवा. खालच्या अर्ध्या भागात मागून तीस-चाळीस रिबिनी लावा: रुंद मागे, अरुंद पुढे, त्यावर वेण्या. वेणी घातली की रिबीन आखडते, म्हणून ती दीडपट ते दुप्पट लांब कापायची. दोन रुंद रिबिनींवर नावं आणि साल चिकटवा. गळ्याची रिबीन पहिल्या चकतीला पक्की करा आणि दुसरी चकती मागून झाकण म्हणून लावा, म्हणजे स्टेपलची टोकं अंगाला टोचणार नाहीत.

मम बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. सगळं ग्लू गनच्या भरवशावर सोडलं तर सप्टेंबरच्या उन्हात बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि फूल घसरतं. म्हणून वजन पेलणारा प्रत्येक सांधा स्टेपलने किंवा तारेने पक्का करा, गोंद फक्त सजावटीला. घंटा नुसत्या चिकटवू नका, रिबिनीत ओवून गाठ मारा. आणि लांबी मुलीला उभं करून मापा. घोट्याच्या वर चार बोटं थांबा, नाहीतर जिन्यावर तिच्याच पायाखाली येईल. साटिनची टोकं तिरकी कापून ज्योतीजवळ हलकी शेकली की धागे सुटत नाहीत. काही शिक्षक घंटांच्या आवाजामुळे मम वर्गात काढून ठेवायला सांगतात, तेव्हा गळ्याची रिबीन चटकन निघेल अशी ठेवा.

डान्सबद्दल पालकांना धास्ती वाटते. जोडी लागतेच असं नाही. पुष्कळ मुलं गटाने जातात, आधी बागेत फोटो, मग जेवण, मग शाळेचं जिम किंवा कॅफेटेरिया. तिकीट बहुतेक ऑनलाइन, दाराशी शाळेचं ओळखपत्र. दुसऱ्या शाळेचा पाहुणा न्यायचा तर वेगळा फॉर्म असतो. त्यावर सहसा दोन्ही शाळांची सही लागते आणि मुदत डान्सच्या काही दिवस आधीच संपते. सर्वाधिक हिरमोड इथेच होतो. एकदा बाहेर पडलं की बहुतेक ठिकाणी पुन्हा आत घेत नाहीत, तेव्हा न्यायला कोण आणि कधी येणार हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं.

यातच फोनचा प्रश्न येतो. टेक्ससच्या २०२५ च्या कायद्याने सरकारी शाळांत शाळेच्या वेळात फोन आणि स्मार्ट घड्याळ वापरायला बंदी आहे. वैद्यकीय किंवा विशेष शिक्षणाच्या गरजेपुरती सूट मिळते, पण ती कागदपत्रांनिशी आधी घ्यावी लागते. म्हणजे पेप रॅलीचे फोटो नाहीत आणि ‘मला चारऐवजी साडेपाचला घ्यायला या’ हा निरोपही दुपारी येणार नाही. घंटा झाल्यावर कुठल्या दाराशी भेटायचं ते सकाळी ठरवा, तातडीचा निरोप शाळेच्या कार्यालयात द्या. बंदीचा आम्हांला फायदाच दिसतो: रॅलीत मुलं पडद्याऐवजी एकमेकांकडे बघतात.

प्लेनोत राहणाऱ्यांना आणखी एक बदल आहे. तिथे नववी-दहावीची हायस्कूलं वेगळी आणि अकरावी-बारावीची सीनियर हायस्कूलं वेगळी. दोन वर्षांत जमलेला मित्रगट अकरावीत मोठ्या शाळेत विखुरतो. त्या ऑगस्टमध्ये मुलाला बँड, नाटक, रोबोटिक्स, कशात तरी नाव घालायला लावा; होमकमिंगपर्यंत त्याला जेवणाच्या सुट्टीत मित्रांबरोबर बसायला एक टेबल मिळतं.

मार्चिंग बँडच्या पालकांसाठी दोन नियम. शाळेच्या वेळेबाहेरचा सराव आठवड्याला आठ तासांपुरता मर्यादित आहे. आणि पहिल्या सहा आठवड्यांच्या शेवटी एखाद्या विषयात ७० च्या खाली गुण आले, तर सात दिवसांच्या सवलतीनंतर मूल स्पर्धा आणि सामन्यातल्या सादरीकरणाला मुकतं. पुढच्या तीन आठवड्यांत सगळे विषय सावरले तर परत येतं. काही प्रगत विषयांना यातून सूट असते, ती यादी समुपदेशकाकडे मागा. सहा आठवडे संपतात ते नेमके होमकमिंगच्या आसपास, म्हणून गुण सप्टेंबरच्या मध्यातच बघा.

आणि आता आपलं घरचं. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ ला, नवरात्र ११ ऑक्टोबरपासून. म्हणजे विसर्जन आणि सामना एकाच संध्याकाळी, भोंडला आणि डान्स एकाच शनिवारी येऊ शकतात. ढोल-ताशा पथकातली निम्मी मुलं हायस्कूलची आहेत; त्यांना दोन्हींतून एक निवडायला लावणं बरोबर नाही. दाराजवळच्या वहीत शाळेचं नाव, सामन्याचा वार आणि डान्सची तारीख लिहूनच जा. त्या बघून पथकाचा सराव आणि भोंडल्याचा दिवस ठरवू. ज्यांना मम शिकायचा आहे त्यांनी नावापुढे खूण करा. सजावट समितीचे स्टेपलर आणि उरलेल्या रिबिनी गणपतीनंतर मोकळ्याच आहेत.