गोधडीची बांधणी आणि मॉरिसची रीत
(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात गोधडी शिवणाऱ्या बायकांपुढे केलेलं व्याख्यान, संपादित)

मैत्रिणींनो, हरभरा-गहू घरात आला, कापसाच्या वेचण्या कधीच्या आटोपल्या. आता मृग लागेपर्यंत दुपारचे दोन तास आपले असतात, आणि गोधडीला बसायचे दिवस हेच. म्हणून आज नुसत्या गप्पा न करता एक अख्खी गोधडी मापासकट उभी करू. ती करताना इंग्लंडमधल्या विल्यम मॉरिस या कापडावर नक्षी काढणाऱ्या कलावंताकडून काय घ्यायचं आणि काय तिथंच ठेवायचं, तेही बघू.

मॉरिसचा काळ १८३४ ते १८९६. गिरण्यांनी कापड स्वस्त केलं, पण कामगाराच्या हातातली अक्कल काढून घेतली, हे त्याचं दुखणं होतं. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ याच दुखण्यातून उभी राहिली. तिच्या मुळाशी जॉन रस्किन या इंग्रज लेखकाचे विचार होते. त्याच रस्किनचं एक पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात वाचलं. पुढे १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं काम आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललं. त्यामुळे हा विषय आपल्याला परका मानायचं कारण नाही.

या लोकांचं म्हणणं थोडक्यात असं: नक्षी कापडातून आणि हातातून निघाली पाहिजे. कागदावर सुंदर दिसणारी वेल सुईला झेपत नसेल, तर ती वेल चुकीची. गोधडीइतका हा नियम दुसरीकडे कुठे लागू पडत असेल, असं मला वाटत नाही.

आता माप घ्या. १५० सेंटिमीटर रुंद, १९५ लांब, म्हणजे पाच फूट बाय साडेसहा. आत पाच थर, वर तुकड्यांचा एक, असे सहा. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. आधी दोन्ही काठ कापून बाजूला ठेवा. काठाची वीण घट्ट असते, सहा थरांत तो आला की सुई अडते आणि तुटते. पण हाच काठ गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, सगळ्यात उत्तम. गोधडीचा घेर भरतो ६ मीटर ९०, कोपरे आणि जोड धरून सव्वासात मीटर लागतं, म्हणजे एका लुगड्याच्या एकाच काठात अख्खा गोट निघतो.

काठ काढल्यावर पन्हा १०३ सेंटिमीटरच्या आसपास उरतो. लुगड्याचे १५५ सेंटिमीटरचे पाच तुकडे करा. दोन तुकडे शेजारी ठेवले की एक थर होतो. दोन लुगड्यांचे दहा तुकडे, म्हणजे पाच थर बरोबर. सांधा मात्र प्रत्येक थरात एकाच रेषेवर घेऊ नका. एका थरात दोन बोटं इकडे, पुढच्या थरात दोन बोटं तिकडे. गवंडी विटेच्या सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच हे. नाहीतर मध्ये जाड वरवंटा तयार होतो, तो पाठीला टोचतो आणि गोधडी तिथेच आधी फाटते.

कापड उजेडासमोर धरून बघा. विरळ दिसलं तर दोन अंगठ्यांनी ताणा, चर्र वाजलं तर ते आतल्या थरात, वर नाही. लुगडं बसण्याच्या जागी झिजतं आणि पदराकडे टिकतं, म्हणून वरचे तुकडे पदराकडून काढा. नवं सुती कापड जुन्यात मिसळायचं असेल तर आधी दोनदा भिजवून वाळवा. जुनं कापड आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं, आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि काळ्या नव्या कापडावर ओला पांढरा कपडा घासून बघा. रंग लागला तर पाणी निवळेपर्यंत धूत राहा. मीठ-तुरटीत बुडवल्याने कच्चा रंग पक्का होत नाही, हे कितीही जणींनी सांगितलं तरी. पॉलिस्टरची साडी आत घालू नका, ती थरांतून सरकते आणि घाम शोषत नाही.

वरच्या थरासाठी मॉरिसकडून एक गोष्ट नक्की घ्या: अर्ध्याने उतरलेली मांडणी. त्याच्या कितीतरी छापील कापडांत नक्षीचा उभा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा अर्ध्या मापाने खाली सरकलेला असतो. त्यामुळे डोळा आडव्या रेषेत अडकत नाही, तिरका फिरत राहतो, आणि छोटी नक्षीही मोठी वाटते. आपल्या तुकड्यांत ती अशी येते. शिवून झालेला चौकोन १५ सेंटिमीटरचा, म्हणून कापताना १७ चा. असे दहा उभे पट्टे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा पट्ट्यांत तेरा-तेरा अख्खे चौकोन. दुसऱ्या, चौथ्या पट्ट्यांत वर अर्धा, मध्ये बारा अख्खे, खाली अर्धा. अर्धा तुकडा कापायचा १७ बाय साडेनऊ. एकूण १२५ अख्खे आणि १० अर्धे. आधी प्रत्येक पट्टा उभा जोडा, मग पट्टे एकमेकांना. यात शिवणीचाही फायदा आहे: चार कोपरे एका जागी येत नाहीत, त्यामुळे गाठीसारखा उंचवटा होत नाही आणि कोपरे जुळवत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. चिंध्या कितीही रंगांच्या असू द्या, तुकड्यांतला तिसरा हिस्सा एकाच लुगड्याचा ठेवा. १२५ चा तिसरा हिस्सा ४२. पन्ह्यात सहा बसतात, म्हणजे सव्वा मीटर कापड पुरतं. गर्द निळं किंवा गर्द हिरवं असेल तर फारच छान, बाकीचे सगळे रंग त्याच्यावर शांत बसतात. मॉरिसच्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (स्ट्रॉबेरी चोर) या १८८३ च्या छापाचं बळ त्याच्या निळ्या जमिनीतच आहे. त्याच्या केल्मस्कॉटच्या घराच्या बागेत कस्तूर पक्षी स्ट्रॉबेऱ्या चोरायचे, ते त्यानं त्यात आणले. पूर्ण कापड आधी निळीत रंगवायचं, मग जिथे पांढरं किंवा फिकं निळं हवं तिथे ठशाने रंग उडवणारं रसायन लावायचं, आणि त्यावर पुन्हा लाल, पिवळा चढवायचा. मॉरिसच्या मर्टन ॲबीच्या कारखान्यात हे काम दिवसचे दिवस चाले. त्या काळी युरोपच्या बाजारातली पुष्कळशी नीळ हिंदुस्थानातून जायची, हेही ध्यानात असू द्या.

पण ते कस्तूर पक्षी आणि ती पानं आपल्या गोधडीवर आणू नका. ज्वारीच्या कणसावरचा राघू आहे, पळसाचं तीन पानांचं डहाळं आहे, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड आहे. यातलं पळसाचं पान मी पहिलं निवडेन. पऱ्हाटीच्या पानाला खोल खाचा असतात. पानाच्या आकाराचा तुकडा वर शिवून लावताना खाचेत दुमडायला कापड उरत नाही, धागे सुटतात. करायचंच असेल तर खाचेत छोटी चीर द्या आणि तिथे तीन-चार टाके अगदी जवळ घाला. पळसाचं पान गोलसर असतं, कड सहज दुमडते. देठासाठी उरेब पट्टी घ्या, कापडावर ४५ अंशांत तिरकी, तीन सेंटिमीटर रुंद, तीन घड्या घालून एक सेंटिमीटरची. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या घेते, उरेब पट्टी वळते. प्रत्येक पानाचा देठ कुठून तरी निघालेला दिसू द्या. सुटी पानं फेकल्यासारखी लावली की नक्षी मरते. मॉरिस यावर फार काटेकोर होता आणि त्याचं बरोबरच होतं.

आता टाचणं, म्हणजे सगळे थर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवणं. जमीन झाडून सतरंजी घाला, थर एकेक करून पसरा, प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सारवल्यासारखा सपाट करा, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. कच्चे टाके मधून कडेकडे, वितीवितीच्या अंतरावर, उभे आणि आडवे. ही पायरी टाळली की झोळ पडतो. पक्का दोरा आपण कडेपासून आत फिरवत नेतो. थर आधी टाचलेले नसतील तर सैल कापड पुढे ढकललं जात मध्यावर जमा होतं, आणि शेवटी तिथे फुगा उरतो. तो मग उसवल्याशिवाय जात नाही.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा बळकट असतो, तो कापड आतून कापत जातो. दोन पदर, हातभर लांब, त्याहून लांब घेतला की पिंजतो. गाठ थरांच्या मध्ये ओढून घ्या. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, ओळींत अंतर दोन सेंटिमीटर. सुई तिरकी गेली की वर टाका दिसतो आणि खालचा थर सुटून जातो, म्हणून दुसऱ्या हाताचं बोट खाली ठेवून टोक लागू द्या आणि दर ओळीनंतर उलटी बाजू बघा. कच्चे टाके सगळं झाल्यावरच काढा, आणि गोट त्यानंतर.

दोन सेंटिमीटरच्या अंतराने या गोधडीत साधारण १४६ मीटर धावदोरा जातो. ताशी चार-पाच मीटर धरले तर नुसत्या धावदोऱ्याला तीस ते छत्तीस तास. कापणं, जोडणं, टाचणं, गोट वेगळंच. तासाला ५० रुपये लावले तरी धावदोऱ्याचे दीड हजार ते अठराशे होतात. कोणी सातशे रुपयांत गोधडी मागितली तर हा हिशेब समोर ठेवा. मॉरिसलाही ही अडचण सुटली नाही. हातकामाला खरी किंमत दिली की वस्तू श्रीमंतांच्या घरी जाते, याचं त्याला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. आपल्यापुरतं मला एवढं दिसतं की घरासाठी दाट टाक्याची शिवा आणि विकायला याच पद्धतीचं तीन थरांचं बाळाचं दुपटं करा. ते १०० बाय १०० चं केलं तर धावदोरा ५० मीटरच लागतो.

शिकायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जुनी गोधडी उसवणं. मॉरिस आणि त्याची बायको जेन यांनी सुरुवातीला जुनं भरतकाम उसवूनच टाके शिकून घेतले. त्यांची मुलगी मे मॉरिस १८८५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, मॉरिसच्या कंपनीच्या भरतकाम विभागाची प्रमुख झाली. घरातली विरलेली गोधडी बोहारणीला देण्याआधी एक कोपरा उसवा. थर किती, सांधे कुठे, दोरा कसला, सगळं कळतं.

धुताना दगडावर आपटू नका, पिळू नका. रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायाने हलकी तुडवा. ओली गोधडी फार जड होते, दोघींनी उचलून खाटेवर आडवी वाळत घाला. दोरीवर टांगली की वजनाने टाके ताणतात.

शेवटचं काम नावाचं. १८८८ मध्ये लंडनला आर्ट्स अँड क्राफ्ट्सचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा नक्षी काढणाऱ्याबरोबर वस्तू करणाऱ्या कारागिराचंही नाव यादीत छापायचं धोरण त्यांनी ठेवलं. तुम्हीही नाव, गाव, साल घाला. एका सुट्या फिक्या चौकोनावर साखळी टाक्याने, अक्षरं दोन सेंटिमीटर उंच. हा चौकोन उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्यात, खालच्या अर्ध्या तुकड्याच्या वर, जोडणीच्या वेळीच बसवा. सहा थर टाचून झाल्यावर भरलं तर मागच्या बाजूला गाठी येतात आणि अक्षरं ओढली जातात.