उजेड कुठून आला ते शोधा

नमस्कार श्रोतेहो.

डोळे विस्फारायला लावणारे छायाचित्र दिसले की आपण ‘वा!’ म्हणतो आणि बोट पुढे सरकवतो. दिवसभरात फोनवर अशी शेकडो चित्रे नजरेखालून जातात, पण रात्री त्यांतले एखादे नीट वर्णन करून सांगा म्हटले तर अडायला होते. प्रेरणा घ्यायची असेल तर चित्रे थोडी पाहावीत, पण एकेक चित्र टाके उसवल्यासारखे सुटे करून पाहावे. ते कसे काढले याच्या खुणा चित्रातच असतात. सावली कोणत्या बाजूला पडली आहे आणि तिची कड धारदार आहे की विरलेली, यावरून उजेडाची दिशा आणि जात कळते. माणसाच्या बुबुळातली चमक चौकोनी असेल तर समोर खिडकी असणार, बारीक ठिपका असेल तर बहुधा फ्लॅश. क्षितिजाची रेघ उभ्या माणसाच्या गुडघ्यातून जात असेल तर कॅमेराही त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर होता, म्हणजे काढणारा चक्क खाली बसला होता. भिंत स्पष्ट आणि सायकल पुसट, तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा, सावकाश होते. सायकल स्पष्ट आणि भिंत पुसट, तर कॅमेरा सायकलीबरोबर फिरला.

एवढे वाचता आले की चित्र पॅरिसचे असो की कॅलिफोर्नियाचे, त्यातली युक्ती गोव्यात चालते. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, म्हणून काही गाजलेली छायाचित्रे शब्दांत सांगतो आणि प्रत्येकातून इथे काय करून पाहता येईल तेही.

पहिले आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांचे, १९३२ सालचे. पॅरिसच्या सें-लझार स्टेशनामागे पाणी साचले आहे. एक माणूस त्यावरून उडी मारतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरले आहे आणि खाली त्याचे उलटे प्रतिबिंब. मागच्या कुंपणावरच्या पोस्टरमध्ये एक नर्तकीही तशीच झेपावलेली. हे चित्र कुंपणाच्या फटीतून काढलेले आहे, त्यामुळे कडेला फळी आली होती आणि ती पुढे कापावी लागली. लोक याला नशीब म्हणतात. अर्धे खरे आहे. पण पाणी आणि पोस्टर त्या माणसाच्या आधीपासून तिथे होते. रंगमंच तयार असला की पात्राची वाट पाहता येते, आणि रंगमंच शोधणे आपल्या हातात असते.

पावसाळ्यात आपल्याकडे असे रंगमंच हवे तेवढे. दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीधक्क्यावर फेरीबोट लागली की माणसे डबके चुकवत, साड्या नि पँटी सावरत उतरतात. धक्क्यावर रहदारीच्या बाहेर उभे राहा. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येईल, आणि ती पाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्या. वीतभर डबकेही तळ्याएवढे दिसते. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवे, नाहीतर पाय पुसट येतात. फोकस आणि उजेड बोट दाबून धरून आधीच पक्का करा. यात नेहमी बिघडते ते असे: माणूस मागच्या काळ्या रेलिंगवर किंवा उभ्या बसवर येतो आणि त्याचा आकार त्यात बुडून जातो. म्हणून मागे मोकळे आकाश किंवा उजळ भिंत पकडा आणि दोन पायांमधून उजेड दिसेल तेव्हाच दाबा. पणजीत फोंताइन्हासच्या रंगीत भिंती यासाठी मोहात पाडतात, पण तिथल्या कित्येक घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. पायरी, खिडकी, दार ही कुणाच्या तरी घराची आहेत. विचारा, आणि नाही म्हटले तर पुढे चला.

आता सायकल स्पष्ट नि भिंत पुसट असलेले चित्र. याला पॅनिंग म्हणतात, आणि पॅनिंगसाठी सायकलीवरून पाव विकणाऱ्या पोदेराइतका चांगला विषय गोव्यात दुसरा नसेल. तो ठरलेल्या वेळी येतो, ठरलेल्या रस्त्याने येतो आणि भोंपू वाजवून आगाऊ वर्दीही देतो. शटर १/३० सेकंदावर ठेवा, हात बसला की १/१५ वर या. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० ठेवली तर कोवळ्या उजेडात अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ८ च्या आसपास जमते. रस्त्याला काटकोनात उभे राहा, पावले सायकल जिथे टिपायची त्या दिशेला रोवा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि कंबरेतून वळा. पोदेर लांब असतानाच त्याला चौकटीत घ्या, समोर आला की बटण दाबा आणि दाबल्यानंतरही वळत राहा. नव्वद टक्के चित्रे इथेच वाया जातात, कारण दाबताना हात थबकतो. १/१२५ वर काढले तर मागचे माड आणि गडगा बऱ्यापैकी स्पष्ट येतात, सायकल उभी असल्यासारखी वाटते. खड्डा किंवा गतिरोधक असेल ती जागा टाळा, तिथे सायकल वरखाली उसळते आणि आपण तर फक्त आडवे वळत असतो. बहुतेक फोनना अॅपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे ऊन चढल्यावर १/३० ला चित्र पांढरेफटक पडते. प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात खाली आणा आणि सूर्य उगवण्याच्या आधीची फेरी गाठा. पोदेराचा चेहरा स्पष्ट हवा, चाकांचे आरे विरघळलेले हवेत. पाटीवरचा निळा प्लास्टिकचा कागदसुद्धा अशा चित्रात देखणा दिसतो.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० मध्ये एका ढबू मिरचीचे चित्र काढले. त्याने ती आडव्या ठेवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात बसवली. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड मिरचीला चहूबाजूंनी हलका लागला आणि तिला पाठमोऱ्या माणसाचे वळण आले. खर्च म्हणाल तर एक मिरची. आपल्याकडे तर याहून सरस दिवा जुन्या घरांत बसवलेलाच आहे: शिंपल्यांच्या खिडक्या. लाकडी चौकटीतले ते पातळ, दुधी शिंपले कडक उन्हाचा मऊ उजेड करतात. अशी खिडकी नसेल तर साध्या खिडकीवर पांढरे सुती मुंडू ताणून बांधा.

खिडकीपासून हातभर अंतरावर पाट ठेवा, पाटावर तांब्याचा गडू, वांगे, कोकमाचे रातांबे, सुरमईचे डोके, काहीही. उजेड बाजूने यायला हवा, पाठीमागून किंवा समोरून नको. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करा. तो जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. काळा कागद लावला तर कड अजून ठसठशीत होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ती चालू राहिली तर वस्तूची एक बाजू एका रंगाची नि दुसरी दुसऱ्या रंगाची येते आणि मागाहून ते निस्तरत नाही. ट्रायपॉड, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. शटर सेकंदभर उघडे राहिले तरी वांगे हलत नाही.

स्वयंपाकघरातला दुसरा प्रयोग थोडा ओला आहे. एमआयटीमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे हॅरॉल्ड एजर्टन दुधाच्या थेंबाचे चित्र वर्षानुवर्षे काढत राहिले. १९५७ साली लाल पार्श्वभूमीवर टिपलेला त्यांचा दुधाचा मुकुट जगभर पोचला. त्यातली मेख अशी की थेंब शटरने गोठवलेला नसून फ्लॅशच्या लुकलुकण्याने गोठवलेला आहे. आपल्या बाजारात मिळणारा सुटा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाचा हजारावा भाग पेटलेला राहतो, आणि थेंबाला तेवढा वेळही फार होतो. १/६४ ताकदीवर तोच फ्लॅश सेकंदाच्या जवळजवळ वीस हजाराव्या भागात विझतो. म्हणजे ताकद कमी केली की थेंब अधिक स्पष्ट!

दुधाऐवजी नारळाचा रस घ्या, आणि आप, म्हणजे पातळ रसच, कारण जाड रसाचा मुकुट उठत नाही. नुसता पसरतो. गडद रंगाच्या ताटलीत एखाद-दोन मिलिमीटर थर पुरे. थर खोल झाला तर मुकुटाऐवजी मधोमध खांब उभा राहतो. तोही सुंदर दिसतो, पण तो वेगळा प्रकार. औषधाच्या ड्रॉपरने साधारण ४० सेंटिमीटरवरून थेंब सोडा. थेंब पडतो तिथे पेन्सिल उभी धरून त्यावर हाताने फोकस करा, मग ऑटोफोकस बंद. एफ ११, आयएसओ ४००, फ्लॅश बाजूने फूटभर अंतरावर, १/६४ वर. खोलीत पूर्ण अंधार करा आणि शटर फ्लॅशशी जुळणाऱ्या, म्हणजे सिंक वेगावर, १/१६० किंवा १/२०० ला ठेवा. थेंब सुटल्यावर साधारण पाव सेकंदाने ताटलीवर पोचतो, तेव्हा डोळ्याने पाहून दाबले तर उशीरच होतो. ड्रॉपर आणि बटण यांची लय जमवावी लागते. शंभरांत चार-पाच मुकुट मिळाले तरी पुष्कळ. लेन्सवर शिंतोडे उडतात, त्यासाठी साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा.

समुद्राकडे येऊ. मायकल केना या इंग्रज छायाचित्रकाराच्या कृष्णधवल चौकोनी चित्रांत पाण्याचे धुके झालेले असते आणि त्यात दोन-चार खुंट, एखादा खडक, बस्स. ती दीर्घ एक्स्पोजरची करामत. हणजूण-वागातोरचे काळे खडक यासाठी आयते आहेत. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, उजेड दहा वेळा निम्मा करून १०२४ पटींनी कमी करतो. फिल्टरशिवाय १/६० सेकंद येत असेल तर फिल्टर लावून सुमारे १७ सेकंद. फोकस फिल्टर लावण्याआधी करून घ्या, नंतर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. डीएसएलआर असेल तर मागची दृश्यखिडकी झाका, तिच्यातून उजेड आत शिरून चित्रावर पट्टा उमटतो. ओल्या रेतीत ट्रायपॉडचे पाय प्रत्येक परतीच्या लाटेबरोबर खचतात. ते आधीच वीतभर खुपसून घट्ट करा, किंवा सरळ खडकावर ठेवा. धुके नको, परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद पुरे, आणि बटण लाट मागे फिरताना दाबायचे. भरतीची वेळ पाहून जा आणि समुद्राकडे पाठ करू नका. पावसाळ्यात तर त्या खडकांवर उतरूच नये.

पावसाळ्यासाठी एक भारतीय चित्र ध्यानात ठेवा. रघुबीर सिंह यांनी १९६७ मध्ये बिहारमधल्या मुंगेरला काढलेले: पावसात सापडलेल्या बायका एकमेकींना बिलगून आहेत, भिजलेल्या साड्या अंगाला चिकटलेल्या. पाऊस किती आहे ते त्या कापडावरून कळते. आपण मात्र पावसाचा फोटो म्हणून राखाडी आभाळ काढतो. धारा दाखवायच्याच असतील तर उजेड पावसाच्या मागे आणि पार्श्वभूमी काळोखी हवी, उदाहरणार्थ रस्त्यावरचा दिवा आणि पलीकडे अंधारी राई. १/६० ला रेघा येतात, १/५०० ला थेंब. फ्लॅश मारू नका, लेन्सजवळचे थेंब पांढरे डाग होऊन चित्रभर पसरतात.

आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, ती कपाटातल्या अंधारात वाढते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के, एवढी व्यवस्था हवीच. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढली तर लेन्सवर दव बसते. बॅगेची चेन न उघडता अर्धा तास थांबा.

आणि चित्रे कागदावर पाहा. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तिथे छायाचित्रांची प्रदर्शनेही असतात. पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात कलेच्या पुस्तकांचे कपाट विचारून घ्या. आपली चित्रेही छापा. १२ मेगापिक्सेलच्या फोनमधले पूर्ण चित्र ए-फोर आकारात नीट येते, मात्र व्हॉट्सअॅपवरून स्टुडिओला पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा आकार आक्रसतो. फोनची चौकट चारास तीन, छापायचा कागद सहा बाय चार, त्यामुळे आडव्या चित्राचा उंचीतला नववा हिस्सा कापला जातो आणि नेमके पोदेराच्या सायकलीचे चाक जाते. ‘पांढरी किनार सोडून पूर्ण चित्र छापा’ असे काउंटरवर स्पष्ट सांगा.