चुंबकाची रांग मोडते तिथं

नागपूरचा मे महिना, दुपारी पारा 45च्या घरात, घरोघरी कूलर घरघरतायत, आणि समोर दिसतायत त्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. तिथली वीज तुमच्या कूलरपर्यंत येता येता तारा तापवत येते, तेवढी वाया जाते. सुपरकंडक्टर नावाच्या पदार्थात रेझिस्टन्सच, म्हणजे विजेला होणारा अडथळाच, शून्य. पण त्याला थंडी लागते बाप्पा, 1911 मध्ये हे पहिल्यांदा दिसलं तेही पाऱ्यातच, उणे 269 डिग्रीला.

या जुन्या सुपरकंडक्टरांचं आणि चुंबकाचं हाडवैर, जराशी मॅग्नेटिक भेसळ झाली की खेळ खलास. मग 1986 मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, आणि त्याचा मूळ पदार्थ, लँथॅनम कॉपर ऑक्साइड, तर वीज वाहूनच नेत नाही, वर आतून पक्का चुंबकी!

शाळेतली कवायत आठवा, एक पोरगं उभं, शेजारचं बसलेलं, त्याच्या पलीकडचं परत उभं. तांब्याच्या अणूंचे स्पिन, म्हणजे प्रत्येक अणूतले इवले चुंबक, अगदी तसे, एक वर एक खाली, बेरीज शून्य, म्हणून बाहेरून चुंबक आहे हे कळतच नाही. आता लँथॅनमच्या जागी थोडा स्ट्रॉन्शियम घाला, 2 टक्क्यांतच ही रांग मोडते, 5-6 टक्क्यांना सुपरकंडक्टिव्हिटी उगवते आणि 15-16 टक्क्यांना ऐन भरात येते, म्हणजे उणे 235 डिग्रीच्या आसपासपर्यंत टिकते.

रांग मोडली म्हणून पोरं गप बसली का? नाही राजेहो! शेजारचा उठला की आपण बसायचं ही सवय जात नाही, क्षणभर इथं नक्षी जमते, विरते, मग तिथं जमते. ही स्पिनची चुळबुळ म्हणजेच फ्लक्च्युएशन्स, आणि न्यूट्रॉन स्वतःच इवलासा चुंबक असल्यामुळे त्याचा मारा केला की ती पकडता येते. न्यूट्रॉनचे असे प्रयोग आपल्याकडे ट्रॉम्ब्याच्या ध्रुव रिअॅक्टरवर होतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. स्ट्रॉन्शियमऐवजी बेरियम घाला, प्रमाण बरोब्बर एक अष्टमांशाच्या आसपास ठेवा, तर स्पिन पट्ट्यापट्ट्यांनी थिजून बसतात, आणि सुपरकंडक्टिव्हिटी तिथंच दाणकन खाली येते. म्हणजे चुळबुळ चालते, थिजणं नाही चालत. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं वाहतात, आणि या पदार्थांत त्या जोड्या ही चुळबुळच जुळवते असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, सगळ्यांना पटलेलं नाही, वाद अजून जोरात आहे.

आणि 2008 मध्ये जपानमध्ये होसोनो या शास्त्रज्ञाच्या टीमला उणे 247 डिग्रीला सुपरकंडक्टर मिळाला तो कशात, तर चक्क लोखंड असलेल्या पदार्थात, ज्या लोखंडाला सगळे चुंबकाचं घर समजतात. त्याच्याही मूळ पदार्थात तीच वर-खाली रांग निघाली.