कुंड्या नंतर, आधी ऊन बघा: घरातून काम करणाऱ्यांची गॅलरी

(कॅमेरा गॅलरीच्या दारात. फरशीवर खडूच्या चार रेघा दिसतायत.)

नमस्कार मंडळी! दसरा तोंडावर आलाय, घराघरांत माळे उपसणं सुरू आहे. आणि ज्यांचं ऑफिस घरीच आलंय त्यांना यंदा घर जरा जास्तच खुपतंय. पूर्वी ज्या गॅलरीत फक्त कपडे वाळत घालायला जायचो, ती आता दिवसभर डोळ्यांसमोर असते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. लोखंडी स्टँड, प्लास्टिकचं गवत, दिव्यांच्या माळा, झोपाळा. ऑर्डर टाकायला बोटं नुसती शिवशिवतात.

जरा थांबा. या व्हिडिओत मी तुम्हाला आधी काहीच विकत घ्यायला सांगणार नाहीये. फक्त एक खडू लागेल.

ह्या रेघा दिसतायत? सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला उन्हाची कड जिथे होती तिथे पहिली रेघ. मग अकराला, दोनला, चारला. प्रत्येक रेघेशेजारी वेळ लिहायची, बस. रोपं कुठे ठेवायची, लॅपटॉपचं टेबल कुठे लावायचं, पडदा कुठल्या खिडकीला हवा, या तिन्हींची उत्तरं ह्या रेघांत आहेत. नर्सरीवाला ती देऊ शकत नाही, त्याने तुमची गॅलरी कुठे पाहिली आहे?

आता यातली गंमत ऐका, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. आपण उत्तरायण-दक्षिणायन म्हणतो ना, ते पंचांगात जेवढं आहे तेवढंच गॅलरीतही आहे. पुण्याचं उदाहरण घेऊ. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. तुमची गॅलरी दक्षिणेला असेल, तिची उघडी बाजू आठ फूट उंच असेल आणि समोर इमारत नसेल, तर त्या दिवशी ऊन सात फूट आत येतं. म्हणजे गॅलरी ओलांडून थेट हॉलमध्ये. आणि हीच गॅलरी मे महिन्यात? वरचा स्लॅब छत्री धरतो आणि ऊन कठड्यापाशीच थांबतं. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. कोल्हापुरात तो थोडा आधी येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. तिथून पुढे जुलैच्या अखेरपर्यंत पुण्याचा दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो.

म्हणून होतं काय, मे महिन्यात हौसेने दक्षिणेच्या गॅलरीत टोमॅटो लावतात, तो ऊन शोधत नुसता लांबच लांब वाढतो, फूल धरत नाही, आणि मग "आमच्या हाताला गुणच नाही" असं म्हणून कुंडी जिन्यात जाते. हाताचा काही दोष नाही हो. तेच रोप आत्ता, दसऱ्याच्या सुमाराला लावा. सूर्य दक्षिणेकडे निघालाय, तुमच्या गॅलरीत रोज थोडं थोडं जास्त ऊन येणार आहे. टोमॅटो, मिरची, पालक, मेथी, सगळ्याला हाच मुहूर्त.

पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही नशीबवान. कोवळं ऊन मिळतं, पालेभाज्या खूश असतात. पश्चिमेला दुपारचं ऊन भाजून काढतं, तिथे बोगनवेल, अडेनियम, कोरफड अशी चिवट मंडळी. आणि उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनो, तोंड पाडू नका. नागवेल लावा, विड्याच्या पानाची. पानमळ्यात शेवरी-हादगा लावून मुद्दाम सावली करतात तिच्यासाठी. तुमच्याकडे ती सावली फुकट आहे.

(कुंडीचा जवळून शॉट.)

आता वजन. हा विषय कंटाळवाणा वाटेल, पण ऐका. ही बारा इंची कुंडी. हिच्यात नुसती लाल माती भरून पाणी घातलं की पंचवीस किलोच्या आसपास भरते. अशा दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलो. बहुतेक गॅलऱ्या इमारतीच्या बाहेर अधांतरी काढलेल्या असतात, आधार फक्त भिंतीच्या बाजूने. म्हणून जड कुंड्या भिंतीलगत, हलक्या कठड्याकडे. आणि कठड्याच्या वर तर कुंडी नकोच. खालून माणसं जातात.

वजन कमी करायचं तर माती कमी करा. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कंपोस्ट. कोकोपीट आधी पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी फेकून द्यायचं, त्यात नारळाच्या सोडणाचा खार असतो. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मिळाली तर ती बारीक तोडून कुंडीच्या तळाशी घाला. कुंडी हलकी होते आणि चिपाडं हळूहळू कुजून खत होतात. हे काही आजचं शास्त्र नाही. श्री. अ. दाभोळकर, पेशाने गणिताचे प्राध्यापक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून पालापाचोळ्यावर, थोडक्या जागेत, पिकं घेण्याचे प्रयोग लोकांकडून करून घेतले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग फुलवली तीही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. सिमेंटच्या गच्चीवर फळझाडं लागतात, तर आपल्या गॅलरीत मेथीची जुडी निघायला काय हरकत आहे?

कंपोस्ट घरीच करा. झाकणाच्या बादलीला भोकं पाडा, खाली वाळका पाला, वर भाज्यांचे देठ, साली, धुतलेला चहाचा चोथा, पुन्हा पाला. विरजण म्हणून थोडं आंबट ताक. शिजवलेलं, तेलकट काही नको. वास आला तर समजायचं की ओल जास्त झाली, मूठभर कोरडा पाला टाकून ढवळायचं. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. एवढंच आहे ते, त्याच्यावर तासाभराचे व्हिडिओ का लागतात मला कळत नाही.

पण कोथिंबिरीवर मात्र मी वेळ घेणार. "धने पेरले, उगवलेच नाहीत" ही तक्रार मला सतत येते. हे बघा.

(पोळपाटावर धने.)

एक अख्खा धना म्हणजे दोन दाणे असतात, एकमेकांना चिकटलेले. लाटणं वरून हलकेच फिरवायचं, इतकं हलकं की धना फक्त दुभंगला पाहिजे, भुगा नाही. टचकन आवाज येतो बघा. हे रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून पेरायचे, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका! आणि दुकानातला धना जुना, रंग उडालेला असेल तर तो उगवणार नाही, नवा हिरवट धना घ्या.

जास्वंदीला कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कळीच्या देठापाशी दडून बसतो. आधी मुंग्या दिसतील, खोडावरून वर-खाली करणाऱ्या, कारण तो जो चिकट गोड रस सोडतो तो त्यांना हवा असतो. मुंग्यांची रांग दिसली की कळ्या उलटून पाहायच्या. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळतच नाही. संध्याकाळी फवारायचं, उन्हात पानं करपतात.

आता आत येऊ.

(टेबलाजवळ.)

टेबलाचं उत्तरही त्याच रेघांत. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर स्क्रीनवर चकाकी येते, आणि मीटिंगमध्ये तुमचा चेहरा काळा दिसतो. समोर असेल तर डोळे दुखतात. खिडकी बाजूला हवी. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारनंतर त्या खोलीत काम नकोच, किंवा बाहेरच्या बाजूने बांबूचा चिक लावा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काच ओलांडून आत आलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात वाळ्याचा पडदा ओला करून लावतात, तिथली हवा कोरडी म्हणून त्याने गारवा येतो. मुंबईत किंवा पणजीत त्याचा फारसा उपयोग नाही. हवा आधीच दमट, पाणी उडून जाणार कुठे?

रंग द्यायचा असेल तर भिंतीला आधी सुकू द्या. पावसाळ्यात मुरलेली ओल लगेच जात नाही, वरून रंग मारला की दिवाळीनंतर पापुद्रे. मातीच्या कुंड्यांना मात्र ऑइलपेंट देऊ नका, त्यांची छिद्रं बुजतात. गेरू भिजवा, ब्रशने दोन हात द्या. वर चुन्याने ठिपक्यांची रांगोळी काढायची तर मुलांना बसवा कामाला.

आणि एक. "ही झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात" असं लिहून दुप्पट भावाने कुंड्या विकतात. त्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास सांगितला जातो. तो हवाबंद पेटीत केलेला होता. आपल्या खोलीत दार-खिडकीतून जेवढी हवा बदलते, तिच्यापुढे दोन-चार कुंड्यांचा हिशेबच नको. झाड आवडतं म्हणून आणा, खिडकी उघडा हवेसाठी.

पावसाचं पाणी अजून साचतंय, तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या करा, आतून घासून. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंडं ताटलीच्या कडेला चिकटलेलं असतं. नुसतं पाणी ओतून जात नाही ते.

रोपं कुठून घ्यायची, तर पुण्यात असाल तर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत एक चक्कर मारा. पण जाताना खडूच्या रेघांचा फोटो मोबाइलमध्ये न्या आणि तासांत बोला. "माझ्याकडे सकाळचं तीन तास ऊन आहे, काय देता?" मग तो देखणं आणि महाग दाखवत बसत नाही, कामाचं देतो.

खाली कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: गाव, गॅलरीची दिशा, दुपारी दोनची रेघ कठड्यापासून किती फुटांवर आहे. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या अवघड गॅलऱ्या घेऊ, विशेषतः ज्यांच्यासमोर टॉवर उभा राहिलाय त्यांच्या.