गोणी एक, माणसं दोन

नमस्कार मंडळी, ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या श्रोत्यांना राम राम.

आज संध्याकाळी तुम्ही जी भाजी घ्याल ना, ती बहुतेक पहाटेच तुर्भ्याला उतरलीय, म्हणजे आपण सगळे ज्याला वाशी मार्केट म्हणतो तिथे. नाशिक, पुणे साइडच्या गाड्या रात्रीपासूनच लागतात, माथाडी गोणी पाठीवर घेऊन गाळ्यात टाकतो, आणि उजाडायच्या आत ठाण्यातल्या भाजीवाल्या मावशी येऊन तीच गोणी विकत घेतात, तीन-चार जणी मिळून टेम्पो करतात, नाहीतर लोकलचा मालडबा, आणि मग स्टेशनबाहेर नाहीतर जांभळी नाक्याला बसतात ते रात्रीपर्यंत. गोणी तीच, घाम दोघांचा, पण म्हातारपणी दोघांच्या हातात काय येतं बघा.

माथाडी मुळात सातारा, सांगली, पुण्याकडून आलेला माणूस. आधी मुंबईत दाणाबंदर, मशीद बंदरला क्विंटलची पोती उचलायचा आणि त्याचं नाव कुठल्याच वहीत नसायचं, पाठ गेली की घरी जा. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना एकत्र केलं, मोर्चे, संप झाले, आणि 1969 ला माथाडी कायदा आला. त्यात मला सगळ्यात भारी वाटते ती एक सोपी गोष्ट: माथाडी मंडळात कामगाराची नोंद होते, मालकाची पण होते, मालक मजुरी मंडळात भरतो आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, पण भरतो, त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार. गाळा बदलला, मालक बदलला तरी खातं तेच राहतं. कोपरखैरण्यात माथाडींचं हॉस्पिटल उभं राहिलं ते असंच. आजही तिथे लेव्ही थकते, नोंद नसलेली माणसं कमी पैशात घुसवली जातात, हे खरंय, पण भांडायला हातात कागद तरी आहे.

मावशीकडे काय आहे? कायदा आहे हो, 2014 चा, पथविक्रेत्यांचा, आणि चांगला आहे. पालिकेने दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा, विक्रीचं सर्टिफिकेट द्यायचं, आणि सर्व्हे पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण ज्यांना सर्टिफिकेट मिळालेलंच नाही अशा कितीतरी जणी आजही पालिकेची गाडी दिसून गाडी आली गाडी आली अशी आरोळी ऐकली की टोपली उचलून गल्लीत पळतात, आणि मला याचा खरंच संताप येतो, कारण ती टोपली म्हणजे त्या दिवसाचं सगळं भांडवल असतं आणि ते पण कुणाकडून तरी उचललेलं. लॉकडाऊनमध्ये 2020 ला पथविक्रेत्यांना कर्ज देणारी स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज 10,000 पर्यंत, पण त्याला पण ओळखपत्र नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र लागायचं. फिरून परत कागदच.

म्हणून ज्या मावशी, दादा आत्ता गाडीवर रेडिओ लावून ऐकतायत त्यांच्यासाठी नीट सांगते. पालिकेने माल उचलला तर यादी मागा, उचललेल्या मालाची सही केलेली यादी देणं कायद्याने बंधनकारक आहे. मग लगेच जाऊन ठरलेली फी भरून माल मागायचा, भाजी, फळं, फुलं असा नासणारा माल मागितला त्याच दिवशी परत द्यावा लागतो आणि बाकीचा, म्हणजे कपडे, भांडी वगैरे, दोन कामाच्या दिवसांत. जागेवरून हलवायचं असेल तर आधी तीस दिवसांची नोटीस. आणि नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात कमीत कमी 40 टक्के सदस्य तुमच्यातूनच निवडून यायला हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या वॉर्डातून कोण गेलंय ते वॉर्ड ऑफिसात विचारा, एकटीने नका जाऊ, ओळीतल्या सगळ्या मिळून जा. आणि ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी अर्ज रोजच्या गिऱ्हाइकांनी लिहून द्यावा, दहा मिनिटांचं काम आहे.