मेथाडोन कुठे वाटायचं?

मंडळी, मॉरिशसच्या गर्दची, म्हणजे हेरॉइनची, गोष्ट मी विमानतळावरून सुरू करतो. डिसेंबर १९८५. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर चार प्रवासी अडवले. सामानात सुमारे वीस किलो हेरॉइन. चौघेही मॉरिशसचे खासदार! तोवर राजधानी पोर्ट लुईच्या वस्त्यांत ब्राउन शुगर शिरलेलीच होती, पण या प्रकारानंतर चौकशी आयोग नेमावा लागला.

पुढची वीस वर्षं भर राहिला तो धरपकडीवर. दरम्यान ओढणारी माणसं टोचायला लागली, आणि एकच सुई हातोहात फिरू लागली. २००५ मध्ये तिथे नव्याने सापडलेल्या एचआयव्हीबाधितांपैकी दहातले नऊ जण सुईने नशा करणारे होते. साडेबारा लाख वस्तीच्या देशात हा आकडा आल्यावर सरकारचे डोळे उघडले. २००६ मध्ये कायदा झाला, स्वच्छ सुया मिळू लागल्या आणि मेथाडोन, म्हणजे गर्दऐवजी द्यायचं औषध, सुरू झालं. आफ्रिकेत हे करणाऱ्या पहिल्या काही देशांत मॉरिशस आहे. नव्या रुग्णांत टोचणाऱ्यांचं प्रमाण दहाएक वर्षांत निम्म्याच्याही खाली आलं.

मेथाडोन म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो, मग टर्की सुरू होते: हाडं दुखतात, नाक गळतं, पोटात पिळवटतं. त्या माणसाचा अख्खा दिवस पुढची पुडी मिळवण्यात जातो. मेथाडोन तोंडावाटे घ्यायचं, नर्ससमोर, दिवसातून एकदा. डोस बरोबर बसला की चोवीस तास टर्की येत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं म्हणणारे तिथेही आहेत, आपल्याकडेही. मधुमेह्याच्या इन्सुलिनबद्दल आपण असं बोलतो का?

पण रोज घ्यायचं म्हणजे रोज जायचं. कुठे जायचं? इथेच गाडं अडलं. आरोग्य केंद्राबाहेर रांग लागते, शेजाऱ्यांना ती नको असते. मग वाटप पोलीस ठाण्यांच्या आवारात गेलं, तेही भल्या पहाटे. ज्या खाकीला बघून आयुष्यभर पळालो, तिच्याच दारात उभं राहून औषध प्यायचं! आणि बेट एवढंसं, की रांगेतल्या माणसाला कुणाचा तरी मामेभाऊ ओळखतोच. बाईमाणसाची तर आणखीच कुचंबणा. २०१५ मध्ये नव्या रुग्णांना मेथाडोनवर घेणंच थांबवलं गेलं. माझ्या मते हा निव्वळ आडमुठेपणा होता. पुढे ते पुन्हा सुरू करावं लागलं.

२०२२ मध्ये कायदा बदलला. केवळ सेवनासाठी पकडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी एका समितीपुढे पाठवून उपचारांकडे वळवण्याची सोय झाली. कागदावर उत्तम. पण तोवर बाजार पालटला होता. गेल्या दशकभरात पोरांच्या हाती सिंथेटिक आलं: कुठल्याही पाल्यावर रसायन फवारायचं आणि विडीत भरून ओढायचं. गर्दपेक्षा स्वस्त, घटक दर खेपेला वेगळे. त्यावर मेथाडोनचा काही उपयोग नाही, आणि सिंथेटिकची जागा घेईल असं दुसरं औषधही नाही. तिथे लागतात समुपदेशक, घरच्यांशी बोलायला वेळ असलेले डॉक्टर आणि पोरं स्वतःच्या पायांनी येतील अशी जागा. पोलीस ठाण्याच्या आवारात ती येणार नाहीत.