बॅकअप उघडण्याआधी

(दृश्य: काळी टर्मिनल स्क्रीन. टार फाइलमधली यादी भराभर सरकते.)

डेटाबेसचा बॅकअप अनेकदा असाच येतो. शेकडो फाइली, एका टारमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठा-फाइलमध्ये बांधलेल्या. पोस्टग्रेस या डेटाबेसचं पीजी-बेसबॅकअप हे बॅकअपचं साधन टार पद्धतीने चालवलं की बेस डॉट टार मिळते. आत आधी फाइलचं नाव, मग मजकूर. रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत उतरवण्याची, स्क्रिप्ट नाव वाचते आणि सांगितलेल्या जागी फाइल लिहून मोकळी होते.

(दृश्य: यादी थांबते. एक ओळ पिवळी होते.)

ही ओळ बघा. दोन टिंबं, तिरकी रेघ. पुन्हा दोन टिंबं, पुन्हा रेघ. प्रत्येक जोडी म्हणजे एक फोल्डर मागे. रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपर्यंत, जायला एवढं पुरतं. पुढे नाव आहे ईटीसीमधल्या क्रॉन डॉट डीचं, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या फोल्डरचं. ही टार आम्हीच बनवली, चाचणीच्या मशीनसाठी. पायथनच्या मोजक्या ओळी लागल्या.

(दृश्य: कमांड चालते. दुसऱ्या विंडोत नवी फाइल उमटते.)

स्क्रीन म्हणते, रिस्टोअर यशस्वी. तिकडे क्रॉन, म्हणजे ती कामं चालवणारा प्रोग्राम, त्या फाइलमधल्या आज्ञा रूटच्या, सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालवणार. सर्व्हर गेला.

(दृश्य: बगची जुनी नोंद.)

पायथनच्या, टार उघडणाऱ्या टारफाइल मॉड्यूलमधली ही फट नोंदली गेली 2007 साली. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-2007-4559. डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा आला, कोड तसाच राहिला. 2018 मध्ये स्निक कंपनीने हाच प्रकार ‘झिप स्लिप’ नावाने जावा, गो, रुबीच्या लायब्रऱ्यांत दाखवला. पायथन 3.12 मध्ये अशा फाइली अडवणारा फिल्टर आला, पण मागितला तरच. न मागता लागू झाला 3.14 मध्ये, 2025 साली. इशारे वाचतो कोण, हो?

(दृश्य: एडिटरमध्ये तपासणीचा कोड.)

फाइल लिहिण्याआधी तिचा टिंबं-लिंका सोडवलेला पूर्ण मार्ग पायथनच्या रिअलपाथने काढायचा आणि तो रिस्टोअरच्या फोल्डरातच पडतो ना, हे बघायचं. इथे पुष्कळ जण नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवतात. मग ‘डेटा’ फोल्डरच्या तपासणीत शेजारचा ‘डेटा-जुना’ही पास! शेवटच्या रेघेसकट जुळवा, नाहीतर सरळ दोन मार्गांतला सामाईक भाग देणारं कॉमनपाथ वापरा.

(दृश्य: यादीत बाण असलेली ओळ.)

हा बाण सिमलिंकचा, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नावाचा. आधी ‘लॉग’ नावाची लिंक, तिचं टोक बाहेर. मग लॉगच्या आत फाइल. नावात टिंबं औषधालाही नाहीत. पण पोस्टग्रेसच्या टेबलस्पेस, म्हणजे डेटा ठेवायच्या वेगळ्या जागा, सिमलिंकवरच चालतात. डेटा डिरेक्टरी तशीच टार केली असेल, तर त्या लिंकाही सोबत येतात. त्यामुळे सरसकट नकार देता येत नाही. टेबलस्पेसच्या जागा आपण आधी लिहून ठेवायच्या. त्या यादीबाहेरची लिंक दिसली की रिस्टोअर तिथेच थांबवायचं.

(दृश्य: युजर बदलण्याची कमांड.)

आणि हे सगळं रूटने नाही, पोस्टग्रेस युजरने, रिकाम्या फोल्डरात. पायथनही ताजं हवं. जून 2025 मध्ये त्या फिल्टरमधूनही निसटायची वाट सापडली होती, सीव्हीई-2025-4517. तिची दुरुस्ती आलेली आहे.